होम्सला न दिसलेले बांध

शेरलॉक होम्सच्या गोष्टी मराठीत इतक्या वेळा आल्या आहेत की ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मधलं ते आग ओकणारं कुत्रं आपल्याला जवळजवळ घरचंच वाटतं. तरीही कुणी ही कादंबरी वाचायची ठेवली असेल, तर त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे मी खुनी कोण ते सांगून टाकणार आहे.

माझी या कादंबरीबद्दल एक तक्रार आहे आणि ती कुत्र्याबद्दल नाही, जमिनीबद्दल आहे. हातातल्या काठीवरच्या ओरखड्यांवरून माणसाचा स्वभाव, वय आणि त्याच्या कुत्र्याचा आकार सांगणारा होम्स डार्टमूरवर जातो, तिथे लपून राहतो, आणि त्या माळावर शब्दशः कोसच्या कोस पसरलेल्या खुणा त्याला दिसत नाहीत. बरं, त्या खुणा लेखकाला माहीत नव्हत्या असंही नाही. कॉनन डॉयलने १९०१मध्ये डार्टमूरला जाऊन तो मुलूख पायी पाहिला होता, त्याच वर्षी ‘स्ट्रँड’ मासिकातून कादंबरी क्रमशः यायला लागली आणि १९०२मध्ये पुस्तक आलं. त्याने खुणा पाहिल्या, कादंबरीत घातल्याही. त्यांचं काय केलं, हा माझा प्रश्न आहे.

आधी ‘मूर’ म्हणजे काय ते. मराठीत या शब्दाची पंचाईतच होते. माळरान म्हणावं तर आपला माळ कोरडा, आणि हा ओला. दलदल म्हणावं तर ती मूरचा एक तुकडा झाली. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, ग्रॅनाइटचा एक मोठा उंचवटा आहे. त्यावर गवत, हेदरची खुरटी झुडपं, जागोजागी काळी पाणथळ माती आणि टेकड्यांच्या माथ्यावर ‘टॉर’ म्हणतात ते खडकांचे ढिगारे. आज त्या राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्रफळ ९५४ चौरस किलोमीटर आहे. झाड जवळपास नाहीच. आपल्याकडचा शब्दच हवा असेल तर कोकणातला सडा त्यातल्या त्यात जवळचा. दगड वेगळा, पाऊस वेगळा, पण शिक्का तोच: इथे काही नाही. आणि सड्यावरच्या कातळशिल्पांनी तो शिक्का जसा खोटा पाडला, तसंच काहीसं डार्टमूरवरही झालेलं आहे.

कादंबरीत होम्स लंडनला बसून या भागाचा सरकारी मोजणीचा नकाशा मागवतो आणि वॉटसनला समजावून सांगतो. बास्करव्हिल हॉल इथे, ग्रिम्पनची वस्ती इथे, दोनचार एकाकी घरं, आणि चौदा मैलांवर प्रिन्सटाउनचा तुरुंग. उरलेली सगळी जागा तो निर्जीव, ओसाड माळ म्हणून निकालात काढतो. नाटकाचा रंगमंच म्हणूनच त्याला तो हवा असतो, आणि रंगमंच रिकामा असलेला बरा. गंमत अशी की त्या काळचे मोठ्या प्रमाणावरचे नकाशे डार्टमूरवर ठिकठिकाणी ‘हट सर्कल’ म्हणजे दगडी झोपड्यांची गोल वर्तुळं दाखवत होते.

ती वर्तुळं वॉटसनला दिसतात. कादंबरीतला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे त्याचं हॉलवरून लिहिलेलं पहिलं पत्र. माळावर पाऊल टाकलं की आधुनिक इंग्लंड मागे पडतं, असं तो लिहितो. जिकडेतिकडे त्या विस्मृत लोकांची घरं आणि थडगी दिसतात, आणि मग त्याच्या मनात एक सरळ शंका येते: इतक्या नापीक जमिनीवर इतक्या दाटीने लोक का राहिले असतील? शंका उत्कृष्ट आहे. अख्ख्या कादंबरीत पुरातत्त्वाच्या अंगाने विचारलेली ती एकमेव खरी शंका. पण उत्तर तो स्वतःच घाईघाईने देऊन टाकतो. कुणीतरी भित्री, पिटाळलेली जमात असेल, दुसऱ्या कुणाला नको असलेली जमीन त्यांच्या वाट्याला आली असेल. लगेच होम्सची माफीही मागतो, की तुझ्या व्यवहारी डोक्याला असल्या गोष्टींत रस नसणार.

वॉटसनचा घोटाळा ‘नेहमीच’ या एका कल्पनेत आहे. जमीन आज नापीक आहे म्हणजे ती नेहमीच नापीक असणार, हे त्याने धरून चाललं. वॉटसनच कशाला, आपण सगळेच तसं धरून चालतो.

१९७०च्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग नावाचा पुरातत्त्वज्ञ या माळावर हिंडायला लागला. स्थानिक भाषेत ‘रीव्ह’ म्हणतात अशा दगडमातीच्या कमी उंचीच्या ओळी तिथे होत्या. गवताखाली आणि झुडपांखाली दबलेल्या, कित्येक ठिकाणी गुडघ्यालाही न पोचणाऱ्या. एकोणिसाव्या शतकातल्या हौशी संशोधकांनी त्यांची दखल घेतली होती, पण त्यांतल्या बऱ्याच ओळी जुन्या वाटा समजून सोडून दिल्या होत्या. फ्लेमिंगने त्या चालत जाऊन मोजल्या, जोडल्या, नकाशावर उतरवल्या. त्यातून जे बाहेर आलं त्याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे, बांध. शेताचे बांध. तेही असेतसे नाहीत. एकमेकांना समांतर, किलोमीटरच्या किलोमीटर, टेकडी चढून, उतरून, मध्ये डार्ट नदीची खोल घळ आली तरी पलीकडच्या काठावर पुन्हा त्याच दिशेने निघालेले. सगळ्यांची लांबी दोनशे किलोमीटरच्या वर जाते. काळ साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ११००, म्हणजे कांस्ययुग. वॉटसनच्या त्या भित्र्या जमातीने हजारो हेक्टर जमीन आखून, वाटून घेतली होती.

हे फोनवरही पाहता येतं. उपग्रहाच्या नकाशात डार्टमीट शोधा आणि तिथून होल्न मूरवर किंवा यार टॉरवर जा. चित्र तिरप्या उन्हातलं असेल तर फिकट रेघा दिसायला लागतात, वहीच्या पानावरच्या पुसट झालेल्या रेघांसारख्या. एकदा दिसल्या की मग न दिसणं अवघड जातं. मी तर एका रविवारी दोन तास यातच घालवले.

फ्लेमिंगचं ‘द डार्टमूर रीव्ह्ज’ हे पुस्तक १९८८मध्ये आलं. मला ते होम्सकथेपेक्षा सरस तपासकथा वाटतं, कारण त्यात तपास करणारा सारखा चुकतो, शंका घेतो, पुन्हा माळावर जातो. इतकी सरळ आखणी म्हणजे मोठ्या समूहाने मिळून घेतलेला निर्णय, असा त्याचा एकूण कल आहे. नंतरच्या काही अभ्यासकांनी यावर आक्षेप घेतला. सगळं एका फटक्यात आखलं असेलच असं नाही, जुन्या वहिवाटीवर हळूहळू बांध चढत गेले असतील, असं त्यांचं म्हणणं. मला हे दुसरं म्हणणं जास्त पटतं. दोन भावांत बांध कसा सरकतो हे ज्याने पाहिलंय, त्याला शेकडो कुटुंबांचं एकमत जरा जडच जाणार. पण बांध होते, शेतं होती, गुरंमेंढरं होती, यावर वाद नाही.

मग ती शेतं गेली कुठे? या माळावर पूर्वी जंगल होतं. पाणथळ मातीच्या थरांत अडकलेल्या परागकणांवरून ते कळतं, आणि ते जंगल माणसांनी जाळून, तोडून, चारून कमी करत नेलं हेही कळतं. पुढे हवा गार आणि ओली झाली, जमीन आम्ल होत गेली, पाणी मुरेना, आणि न कुजलेल्या झाडोऱ्याची काळी माती, म्हणजे पीट, वर साचत गेली. इसवी सनपूर्व १०००च्या सुमारास ही वरची शेतं बहुतेक सुटली होती. हवामानाचा वाटा किती आणि जमिनीच्या अतिवापराचा किती, यावर अभ्यासकांत अजून रस्सीखेच आहे. मध्ययुगात माणसं परत वर चढली. हाउंड टॉर या खडकांच्या पायथ्याशी एक सोडून दिलेलं खेडं आहे, लांबट दगडी घरांचं, एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं. तिथल्या कोठारांत धान्य वाळवायच्या भट्ट्या सापडल्या. उभं पीक उन्हात वाळेल याचा भरवसा उरला नव्हता, इतकी ती शेती काठावर आली होती. तेही गाव मध्ययुग संपायच्या आत उठलं.

म्हणजे कादंबरीत भयाण वातावरणनिर्मितीसाठी वापरलेला जो ओसाडपणा आहे, त्यातला बराचसा माणसांच्या कामातूनच तयार झालेला आहे. कादंबरीला हे दिसत नाही कारण तिचं लक्ष भलतीकडे आहे. भूतकाळ म्हटला की तिला रक्त दिसतं. नीट पाहा: डॉक्टर मॉर्टिमर कवट्या गोळा करतो, भेटल्याभेटल्या होम्सच्याच कवटीवर डोळा ठेवतो, आणि पूर्वजांचे गुण वंशजांत उलटून येण्यावर त्याचे निबंध प्रसिद्ध आहेत. तुरुंगातून पळालेला सेल्डन खडकांतून डोकावतो तेव्हा त्याचा चेहरा वॉटसनला टेकडीच्या बिळांत राहणाऱ्या त्या प्राचीन रानटी माणसाचा वाटतो. आणि रहस्याचा उलगडा होतो तो एका तैलचित्रातल्या चेहऱ्यावरून: स्टेपलटन हा बास्करव्हिलच, जुन्या दुष्ट ह्यूगोचं तोंड घेऊन आलेला. पूर्वज चेहऱ्यातून, शापातून, कवटीतून परत येतात. कामातून कधीच येत नाहीत. त्या काळी गुन्हेगार म्हणजे मागे राहिलेला आदिमानव, हे शास्त्र म्हणून खपत होतं, हे मान्य. पण सेल्डनच्या तोंडावर आदिमानव चिकटवताना कादंबरी दोघांवरही अन्याय करते, आणि त्यातल्या एकाची बाजू मांडायला आता पुरावा आहे.

डार्टमूरच्या उत्तर भागात व्हाइटहॉर्स हिलवर २०११मध्ये पीटमध्ये दबलेली एक दगडी पेटी उघडण्यात आली. आत पंधरा ते पंचवीस वयाच्या, बहुधा मुलीच्या, जळलेल्या अस्थी, अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेल्या. सोबत विणलेली टोपली, दोनशेच्या वर मणी, त्यांत अंबरचेही, लाकडातून घडवलेल्या गोल कुड्या, आणि गाईच्या केसांची वेणी घालून केलेला एक नाजूक पट्टा. त्या पट्ट्यावर कथिलाचे बारीक खिळे जडवले आहेत. काळ बांधांच्या आसपासचा, थोडा आधीचा. वॉटसनच्या कल्पनेत झोपडीच्या दारातून कातडी पांघरलेला केसाळ माणूस रांगत बाहेर येतो, हातात गारगोटीचा बाण घेऊन. या मुलीला वेणीवर चकाकणारी धातू हवी होती.

कथिलावरूनच कादंबरीतल्या दुसऱ्या मोठ्या प्रसंगाकडे जाता येतं. कथिल म्हणजे आपल्याकडे कल्हईवाला पितळेच्या भांड्याला आतून लावायचा तीच धातू. तांब्यात मिसळली की कांसं होतं. डार्टमूर शेतीइतकाच कथिलाने घडवला आहे, आणि कादंबरीत हे समजावून सांगणारा माणूस आहे खुनी स्टेपलटन. टेकडीवरची दगडी वर्तुळं दाखवत तो वॉटसनला सांगतो की ही नवाश्मयुगीन माणसांची घरं, ते इथे गुरं चारत, कथिल खणायला शिकले, आणि समोरच्या टेकडीतला तो प्रचंड चर ही त्यांची खूण. धडा छान आहे, पण त्यात दोन चुका आहेत. नवाश्मयुग म्हणायचं आणि त्याच दमात कांस्याची तलवार आणायची हे जुळत नाही. ती घरं कांस्ययुगातली. आणि डार्टमूरच्या टेकड्यांना चिरत जाणारे तसले चर मुख्यतः मध्ययुगातल्या आणि त्यानंतरच्या खाणकामगारांनी खणलेले. ग्रिमस्पाउंड या चोवीस झोपड्यांच्या कांस्ययुगीन वस्तीजवळून बर्च टॉरकडे पाहिलं की असे चर आजही दिसतात. स्टेपलटनने दोनअडीच हजार वर्षांचं अंतर एका वाक्यात मिटवून टाकलं. सगळं जुनं एकाच ‘फार पूर्वी’त ढकललं की कुणाचेही कष्ट कुणाच्याही नावावर खपतात.

डार्टमूरच्या कोणत्याही ओढ्याकाठी गवताखाली उंचसखल ढिगांच्या रांगा लागतात. तिथे कामगार गाळ उकरून त्यावर पाणी सोडत, हलकी वाळू वाहून जाई, जड कथिल मागे राही. उरलेला राडारोडा म्हणजे ते ढीग. पाण्यासाठी टेकडीच्या अंगाने मैलोनमैल पाट काढलेले. पुढे वरचं संपलं तेव्हा चर खणले, मग खाली बोगदे, आणि पाणी उपसायला मोठाली पाणचक्कीची चाकं. कादंबरीच्या शेवटी ग्रिम्पनच्या दलदलीतल्या बेटावर, जिथे कुत्रं बांधलेलं असतं, तिथे असंच एक चाक आहे, बुजत आलेली खाण आहे, कामगारांची पडकी घरं आहेत. वॉटसन एका ओळीत कारण देतो, की दलदलीच्या घाणेरड्या वासाने ते पळाले असणार. मला या ओळीचा राग येतो. ग्रिम्पनची दलदल फॉक्स टॉर मायर्सवरून सुचली असं मानतात, आणि तिच्याच काठाला व्हाइटवर्क्स नावाची कथिलाची खाण होती. तिथले लोक त्या वासात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इकडचं खाणकाम बसलं त्यात ऑस्ट्रेलिया आणि मलायातून येणाऱ्या स्वस्त कथिलाचा मोठा हात होता. नाकाचा नव्हे, बाजारभावाचा प्रश्न होता.

आणि ते कथिल जात कशात होतं? होम्स माळावरच्या प्राचीन दगडी झोपडीत लपून बसतो, तेव्हा वॉटसनला तिथे पाव आणि डबाबंद जीभ सापडते, आणि पीच फळांचे दोन डबे. डबे म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा. (होम्सला पावाबरोबर स्वच्छ कॉलरही लागते, ती एक पोऱ्या आणून देतो. साहेबी थाट.) डॉयलने हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही, पण कथिलाच्या मुलखातल्या झोपडीत कथिलाच्या डब्यातून पीच खाणारा गुप्तहेर, हे चित्र त्याच्या कुत्र्याहून जास्त माझ्या डोक्यात बसलं आहे.

राहिला म्हातारा फ्रँकलंड. कादंबरीत तो विनोदासाठी आहे. गावकऱ्यांची वाट बंद कर, दुसऱ्याच्या बागेतून वाट मोकळी करून घे, खटल्यांपायी स्वतःची मालमत्ता उधळ. प्राचीन थडगं उकरून कवटी काढली म्हणून मॉर्टिमरवर तो फिर्याद लावणार असतो, मृताच्या जवळच्या नातेवाइकाची परवानगी घेतली नाही म्हणून! प्रसंग फर्मास आहे. पण वाट कुणाची, कुरण कुणाचं, खणायचा हक्क कुणाचा, हे डार्टमूरवर कधीच विनोदाचे विषय नव्हते. कथिल खणणाऱ्यांचे स्वतःचे कायदे होते, स्वतःची न्यायालयं होती, लिडफर्डला स्वतःचा तुरुंग होता आणि क्रॉकर्न टॉरवर, उघड्या माळावर, त्यांची संसद भरायची. त्यांच्या उपशाचा गाळ नद्यांतून वाहत जाऊन बंदरं बुजायला लागली, तेव्हा प्लिम्प्टनचा खासदार रिचर्ड स्ट्रोड, जो स्वतः कथिलाच्या धंद्यातला होता, त्याने लंडनच्या संसदेत याला आळा घालायचा प्रस्ताव मांडला. कथिलवाल्यांनी त्याला दंड ठोकला आणि लिडफर्डला डांबलं. त्याच्या सुटकेनंतर १५१२चा जो कायदा झाला, तो खासदाराला सभागृहातल्या बोलण्याबद्दल शिक्षा करता येणार नाही या तत्त्वाच्या मुळाशी मानला जातो. ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सच्या त्याच विशेषाधिकारांचा हवाला आपल्या संविधानाच्या १०५व्या कलमात मुळात होता. या ‘निर्जीव’ माळाने एवढा लांबचा पल्ला गाठला आहे.

कादंबरीच्या बाजूनेही बोलायला हवं. भीतीसाठी रिकामी जागा लागते. शेतकरी, मेंढपाळ, खाणकामगार यांनी गजबजलेल्या माळावर रात्री फॉस्फरस फासलेलं कुत्रं कुणाला घाबरवणार? शिवाय डॉयलने पुरावे लपवले नाहीत. वर्तुळं, चर, चाक, पडकी घरं, वाटांचे खटले, सगळं पानांवर आहे. एक गोष्ट तर त्याने फारच चोख पकडली आहे. सर चार्ल्स बास्करव्हिलची दौलत डार्टमूरची नाही, दक्षिण आफ्रिकेतल्या सट्ट्यातून आलेली आहे. घराशेजारच्या खाणी बुजत आहेत आणि हॉलचं छप्पर दूरच्या मुलखातल्या पैशाने दुरुस्त होणार आहे. सर हेन्रीला तर दारासमोर लखलखीत विजेचे दिवे हवे आहेत. हा धागा त्याने ओढला असता तर कुत्र्याची गरजच उरली नसती, आणि मग कदाचित आपण ही कादंबरी वाचलीही नसती.

शेवटच्या प्रकरणात होम्स बेकर स्ट्रीटला शेकोटीशी बसून सगळे धागे जुळवतो. बूट का चोरले, स्टेपलटनने बायकोला बहीण म्हणून का मिरवलं, कुत्रं कुठून विकत आणलं. वॉटसनच्या पत्रातली ती शंका, की असल्या जमिनीवर इतकी माणसं का राहिली, तिचा उल्लेखही होत नाही. वॉटसन ती पुन्हा विचारत नाही. ऑपेराची तिकिटं काढलेली असतात, त्याआधी जेवायला जायचं असतं, आणि होम्स त्याला अर्ध्या तासात तयार व्हायला सांगतो.